१० मीटर एअर पिस्तूल: रिकाम्या पिस्तुलापासून पहिल्या साठ शॉट्सपर्यंत

नवीन माणूस रेंजवर आला की पहिल्याच दिवशी त्याला दहा मीटरवरच्या टार्गेटच्या काळ्या गोलात छर्रा (शिशाची बारीक गोळी) मारायचा असतो. पिस्तूल हातात आलं की आधी गोल, मग साइट (नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच), मग ट्रिगर आणि सगळ्यात शेवटी सुरक्षितता, या क्रमाने तो शिकतो. सहा महिन्यांनी त्याचे शॉट खाली-डावीकडे जायला लागतात आणि ट्रिगर झटकायची सवय मोडायला पुढचं वर्ष जातं. क्रम नेमका उलटा हवा: रिकामं पिस्तूल, कोरी भिंत, कोरा कागद आणि मग काळा गोल. हा लेख त्या क्रमाने जातो. उजव्या हाताचा नेमबाज धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून घ्यावं.

टप्पा १ : पिस्तूल घेण्याआधी

पहिले दोन-तीन महिने स्वतःचं पिस्तूल घेऊ नका. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात आणि मुंबईत वरळीला रेंज आहेत, शिवाय बऱ्याच शहरांत खासगी क्लब आहेत. बहुतेक ठिकाणी शिकणाऱ्याला क्लबचं पिस्तूल मिळतं. ग्रिपचा आकार (स्मॉल, मीडियम, लार्ज) आणि पिस्तुलाचं वजन आपल्या हाताला किती झेपतं हे वापरल्याशिवाय कळत नाही. मोठी ग्रिप घेऊन नंतर कानशीने घासत बसलेले लोक प्रत्येक क्लबमध्ये दिसतात.

४.५ मिमी (०.१७७ इंच) बोअरचं (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेचं एअर पिस्तूल भारतात शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्याशिवाय घेता येतं. विक्रेत्याला ओळखपत्र द्यावं लागतं. सामन्याच्या पिस्तुलाची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे ते या मर्यादेच्या बरंच आत आहे. बिलाची प्रत आणि स्वतःचं ओळखपत्र पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. एसटीत किंवा लोकलमध्ये कोणी पेटी उघडायला सांगितली तर हे दोन कागद पाच मिनिटांत प्रश्न सोडवतात.

घेताना चार गोष्टी पाहा:

- दाबाची हवा साठवणाऱ्या सिलिंडरवर कोरलेली तारीख. बहुतेक कंपन्या उत्पादनापासून १० वर्षांची मुदत देतात. जुन्या पिस्तुलाच्या स्वस्त सौद्यात बहुतेक वेळा इथेच मेख असते.
- ट्रिगरचं वजन. सामन्यात ते किमान ५०० ग्रॅम लागतं. तपासताना नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगतात. ते उचललं जाताना ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास.
- एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत.
- कोरडा सराव करण्याची सोय, म्हणजे हवा न सोडता ट्रिगर चालवायची खटकी. ही नसेल तर टप्पा ४ अडतो.

सोबत नारिंगी सेफ्टी फ्लॅग घ्या. नळीच्या पूर्ण लांबीतून जाणारी ही दोरी आत आहे म्हणजे नळीत छर्रा नाही, हे समोरच्याला लांबूनच दिसतं.

टप्पा २ : रिकामं आहे हे सिद्ध करणं

हा टप्पा पंधरा सेकंदांचा आहे. पिस्तूल हातात घेताना प्रत्येक वेळी करायचा. आत्ताच खाली ठेवलेलं तेच पिस्तूल परत उचललंत, तरीही.

१. पिस्तुलाचं तोंड टार्गेटच्या दिशेला. पेटीतून काढतानाच ते त्या दिशेला असेल अशा बेताने पेटी टेबलावर ठेवा. पेटी आडवी ठेवली की पिस्तूल काढताना तोंड शेजारच्या लेनवरून फिरतं. रेंजवर सर्वांत जास्त ओरडा याच चुकीसाठी बसतो आणि तो योग्यच आहे.

२. बोट ट्रिगर-गार्डच्या बाहेर, फ्रेमला सरळ लागून.

३. लोडिंग लिव्हर (छर्रा भरायची जागा उघडणारा दांडा) पूर्ण उघडा.

४. छर्रा बसतो त्या जागेत डोळ्यांनी पाहा. करडा छर्रा करड्या धातूत सहज दिसत नाही, म्हणून उजेडाकडे वळून नीट पाहा.

५. सेफ्टी फ्लॅग घाला. तो मागून आत गेला आणि तोंडातून बाहेर दिसला तरच नळी मोकळी आहे. मध्येच अडला तर नळीत छर्रा अडकलेला आहे. टप्पा ८ पाहा.

सावधान : दुसऱ्याला पिस्तूल हातोहात देऊ नका. लिव्हर उघडी ठेवून, फ्लॅग घालून टेबलावर ठेवा आणि बाजूला व्हा. घेणाऱ्याने स्वतः पुन्हा तपासायचं. त्याने तपासलं म्हणून राग मानू नका, तपासलं नाही तर मात्र टोका.

रेंज ऑफिसरच्या सूचना इंग्रजीतच दिल्या जातात: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. ‘स्टॉप’ ऐकू आलं की अर्धवट दाबलेला ट्रिगरसुद्धा सोडायचा आणि पिस्तूल खाली घ्यायचं. लेनच्या पुढे कोणी असताना पिस्तुलाला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही.

टप्पा ३ : पाय, पकड, डोळा

चपटे तळवे असलेले, घोट्याच्या खाली राहणारे बूट घाला. उंच बुटांना सामन्यात परवानगी नाही आणि जाड गादीच्या रनिंग शूजमध्ये शरीर डोलतं.

पाय खांद्यांइतके फाकवून, शरीर टार्गेटला जवळजवळ आडवं ठेवून उभे राहा. मान फक्त उजवीकडे वळेल. डावा हात खिशात घाला किंवा अंगठा पट्ट्यात अडकवा. तो मोकळा लोंबकळत राहिला तर प्रत्येक शॉटला वेगळ्या जागी जातो आणि खांदा हलतो.

आता दिशा तपासा. डोळे मिटा, पिस्तूल उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या उजवीकडे गेलं असेल तर हात डावीकडे ओढू नका. मागचं (डावं) पाऊल थोडं सरकवून सगळं शरीरच फिरवा आणि पुन्हा डोळे मिटून तपासा. हाताने ओढून आणलेलं पिस्तूल शॉट सुटताना आपल्या मूळ जागेकडे परत जातं. आडवे पसरलेले शॉट बहुतेक वेळा यामुळेच पडतात.

पकडीसाठी पिस्तूल डाव्या हाताने नळीच्या खालून धरा आणि उजव्या हाताची अंगठा-तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या वरच्या खोबणीत घट्ट बसवा. मधलं बोट आणि अनामिका ग्रिपला सरळ मागे, तळहाताकडे दाबतात. करंगळी आणि अंगठा नुसते टेकलेले. तर्जनी ग्रिपच्या बाजूला कुठेही घासता कामा नये. तिच्यात आणि लाकडात कागद सरकेल इतकी फट हवी. फट नसेल तर ट्रिगर दाबताना तर्जनी ग्रिपला बाजूने ढकलते आणि पिस्तूल फिरतं. ट्रिगरवर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ठेवा.

तपासणी : पकड घेतल्यावर पिस्तूल उचला, अजून साइट पाहू नका. मग पाहा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मध्यभागी येते का? येत नसेल तर मनगट वळवून जुळवू नका. पकड सोडून नव्याने घ्या. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर ग्रिप बदलायला हवी.

कोणता डोळा प्रबळ आहे तेही आताच पाहून घ्या. दोन्ही हात लांब करून तळव्यांमधून छोटं भोक करा, त्यातून भिंतीवरचं स्विचबोर्ड पाहा आणि एक एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोर्ड भोकातच राहतो तो प्रबळ. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी असेल तर पहिल्याच आठवड्यात कोचला सांगा. दुसरा डोळा मिटू नका. चेहऱ्याचे स्नायू तासाभरात दुखायला लागतात. चष्म्यावर अर्धपारदर्शक पट्टी लावा. सामन्यात तिची रुंदी ३० मिमीपेक्षा जास्त चालत नाही.

टप्पा ४ : कोऱ्या भिंतीवर कोरडा सराव

लोक हा टप्पा टाळतात, कारण यात कागदावर काही उमटत नाही. पण ट्रिगर इथेच शिकला जातो.

कोऱ्या, एकरंगी भिंतीपासून सुमारे १ मीटरवर उभे राहा. पिस्तूल रिकामं आहे हे टप्पा २ प्रमाणे सिद्ध करा, छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. भिंतीच्या पलीकडे माणसं वावरत असतील तर दिशा बदला. आता कोरड्या सरावाची खटकी लावा. स्प्रिंगवर चालणाऱ्या पिस्तुलात अशी खटकी नसते. त्यात छर्ऱ्याशिवाय ट्रिगर दाबला तर पिस्टन आदळतो आणि सील फाटतं, त्यामुळे तिथे हा सराव करू नका.

समोर टार्गेट नाही, म्हणून पाहायला एकच गोष्ट उरते: साइट. पुढच्या साइटची वरची कड मागच्या खाचेच्या वरच्या कडेशी सपाट आणि दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी. नजर पुढच्या साइटवर, ती स्वच्छ दिसली पाहिजे.

ही जुळणी इतकी महत्त्वाची का, ते आकड्यांत पाहा. दोन्ही साइट्समधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर असतं. पुढची साइट मागचीच्या तुलनेत १ मिमी बाजूला गेली तर १० मीटरवर शॉट सुमारे ३० मिमी सरकतो. एअर पिस्तुलाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आणि प्रत्येक पुढचं वर्तुळ ८ मिमी बाहेर, म्हणजे दहाचा सात होतो. उलट साइट जुळलेल्या असून सगळा हातच ५ मिमी हलला, तर शॉटही फक्त ५ मिमी सरकतो आणि दहाच राहतो. त्यामुळे हात हलतो म्हणून घाबरू नका, तो सर्वांचाच हलतो.

ट्रिगरचे दोन भाग असतात. पहिला भाग मऊ, तो वर उचललेलं पिस्तूल खाली येतानाच दाबून घ्या. दुसऱ्या भागाला टेकल्यावर दाब हळूहळू, सरळ मागे वाढवा आणि खटका कधी पडेल याची वाट पाहू नका. पडला की लगेच बोट सोडू नका. दोन सेकंद तसंच थांबा आणि साइट कुठे आहे ते पाहा. खटका पडताना पुढची साइट टुणकन हलली, तर खऱ्या शॉटला छर्रा तिकडेच गेला असता.

रोज १५ ते २० मिनिटं पुरेत. सलग दहा वेळा साइट न हलता खटका पडायला लागला की पुढे जा. काहींना एक आठवडा लागतो, काहींना महिना. इथे घाई करून काहीही मिळत नाही.

टप्पा ५ : हवा आणि छर्रे

सिलिंडरमध्ये कोरडी, गाळलेली हवाच भरा. बहुतेक सामना-पिस्तुलांची मर्यादा २०० बार (बार हे दाबाचं माप) असते, काहींची ३००. सिलिंडरवर कोरलेला आकडा पाहून भरा. हळूहळू भरा, कारण जलद भरल्यास सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो.

सावधान : ऑक्सिजन कधीही भरू नका. वेल्डिंगच्या दुकानातला असो वा दवाखान्यातला. दाबाखालचा ऑक्सिजन तेल-ग्रीसच्या अंशाला लागला की स्फोट होतो. भरण्याच्या जोडणीत तेलही घालू नका.

छर्रे सपाट डोक्याचे, शिशाचे, ४.५ मिमीचे घ्या. सपाट डोकं कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतं, टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण वाचता येत नाहीत. स्टीलच्या गोळ्या अजिबात नकोत. त्या नळीतल्या आट्या खराब करतात आणि कठीण पृष्ठभागावरून डोळ्यावर उलटून येतात. डब्यातले छर्रे मुठीने ओतून घेऊ नका, मागची पातळ कड चेपते. चेपलेला छर्रा बाजूला काढा.

टप्पा ६ : कोरा कागद

टार्गेट उलटं लावा, पांढरी बाजू तुमच्याकडे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा.

१. ‘लोड’ झाल्यावर फ्लॅग काढा.

२. पिस्तूल टेबलावर टेकवलेलं, तोंड टार्गेटकडे. लिव्हर उघडून छर्रा सपाट डोकं पुढे करून ठेवा आणि बोटाने हलकेच सारा. उलटा घातलेला छर्राही उडतो, पण कुठेही जातो.

३. लिव्हर बंद करा. बोट अजून बाहेरच.

४. श्वास घेत पिस्तूल कागदाच्या वर उचला. अर्धा श्वास सोडत खाली या, ट्रिगरचा पहिला भाग घ्या, कागदाच्या मध्याजवळ थांबा. साइट स्वच्छ, मागचा कागद धूसर.

५. दाब वाढवत राहा. स्थिर झाल्यापासून साधारण ५ ते ८ सेकंदांत शॉट सुटायला हवा. १० सेकंद होऊनही सुटला नाही तर पिस्तूल खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला. नव्या लोकांचे सर्वांत वाईट शॉट अकराव्या सेकंदाला, ‘आता सोडूनच टाकू’ म्हणत मारलेले असतात. खाली घेणं ही हार मानणं नाही. चांगले नेमबाज सामन्यात अनेकदा घेतात.

६. सुटल्यावर दोन सेकंद तसंच थांबा.

पाच-पाच शॉट्सचे गट मारा, एका दिवशी ३० ते ४०. पाचही भोकं हाताच्या तळव्याएवढ्या जागेत बसली की काळ्या गोलाकडे वळा. या सरावात खरी मजा आहे: पाच भोकं जवळ यायला लागतात आणि अजून एकही गुण मोजलेला नसतो.

टप्पा ७ : काळा गोल, साइट जुळवणं आणि गट वाचणं

कागद सरळ लावा. त्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, कागद उभं राहण्याच्या रेषेपासून १० मीटरवर. काळा गोल ५९.५ मिमीचा. पुढच्या साइटची कड गोलाच्या खालच्या कडेला चिकटवू नका. मध्ये पांढऱ्याची थोडी पट्टी राहू द्या. काळ्यात काळं नेलं की साइटची कड हरवते आणि नजर नकळत गोलावर जाते.

साइट कधी हलवायची? पाच शॉट्सचा गट एकत्र पडला आणि गटाचा मध्य बाजूला असला, तरच. गट विखुरलेला असेल तर ते नेमबाजाचं काम आहे, स्क्रूचं नाही. एका शॉटवरून साइट फिरवली की पुढचे दहा शॉट वाया जातात.

मागची साइट ज्या दिशेला सरकते, त्याच दिशेला शॉट सरकतो. जर्मन बनावटीच्या पिस्तुलांवर गोंधळ होतो, कारण तिथे साइटच्या स्क्रूवरची ‘एच’ (होख, म्हणजे वर) आणि ‘टी’ (टीफ, म्हणजे खाली) ही अक्षरं शॉट कुठे पडतो आहे ते सांगतात. शॉट वर जात असेल तर ‘एच’कडे फिरवा. प्रत्येक कंपनीची पद्धत तपासून घ्या: दोन क्लिक फिरवा, पाच शॉट मारा, मग पुढचं.

गट काय सांगतो:

- खाली-डावीकडे: ट्रिगर झटकला, किंवा दाबताना सगळी मूठच आवळली. सर्वांत नेहमीची चूक. टप्पा ४ ला परत.
- सरळ खाली: सुटण्याआधी मनगट सैल झालं, किंवा गोल पाहण्यासाठी मान वर केली.
- वर: शॉटच्या धास्तीने मनगट पुढे ढकललं.
- डावीकडे किंवा उजवीकडे सरळ रेषेत: उभं राहण्याची दिशा चुकली, किंवा बोट ट्रिगरला तिरकं ढकलतंय.
- उभी रांग: श्वास प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबतोय.

वहीत प्रत्येक शॉटनंतर कागद पाहण्याआधी लिहा, शॉट कुठे गेला असं वाटलं. मग कागद पाहा. अंदाज आणि भोक जुळायला लागले की तुम्ही खरोखर साइट पाहत आहात.

टप्पा ८ : काही बिघडलं तर

ट्रिगर दाबला आणि कागदावर भोक नाही. अशा वेळी पुन्हा छर्रा भरायचा नाही. हा नियम तोडला की नळीत एकामागे एक छर्रे अडकतात. दाब संपत आलेला असताना असं हमखास होतं.

तोंड टार्गेटकडेच ठेवा, बोट बाहेर काढा, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. पिस्तूल वळवून नळीत डोकावणं तर कधीच नको. सिलिंडरवरचा दाब पाहिला जाईल, मग लिव्हर उघडून फ्लॅग किंवा सफाईची दांडी घालून तपासलं जाईल. अडकलेला छर्रा ऑफिसर किंवा कोचच्या देखरेखीखालीच काढा.

टप्पा ९ : घरची रेंज

बऱ्याच फ्लॅट्समध्ये पॅसेज आणि हॉल मिळून १० मीटर होतात आणि तिथे सराव चालतो. पण जागा निवडताना अंतरापेक्षा टार्गेटच्या मागे काय आहे ते आधी पाहा. दार किंवा खिडकी नको, वायरिंगचा पाइप नको. छर्रे झेलणारी पोलादी पेटी अशी घ्या, की तिची मागची पाटी तिरकी असेल आणि छर्रा खाली वळवेल. सरळ उभी पाटी छर्रा तुमच्याकडे परत पाठवते. पेटीच्या मागे प्लायवूड आणि त्यावर जाड सतरंजी टांगा. बाजूने येणारी सगळी दारं आतून कडी लावून बंद. घरातल्यांना आधी सांगा, आणि लहान मूल जागं असेल तर एकट्याने सराव करू नका.

टप्पा १० : आवराआवर

‘अनलोड’नंतर लिव्हर उघडा, नळी पाहा, फ्लॅग घाला, तोंड टार्गेटकडे ठेवूनच पेटीत ठेवा. हात साबण आणि थंड पाण्याने धुवा, मगच चहा-वडापाव. छर्रे शिशाचे आहेत. ते दातात धरून ठेवायची सवय असलेले लोक आजही दिसतात, ती मोडा. पेटीभोवतीची राखाडी धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं फेकून द्या.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात पिस्तुलाला घामाचा आणि दमट हवेचा दुहेरी मार बसतो. बाहेरच्या धातूवर तेलाचा पुसट हात फिरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला. लाकडी ग्रिप या दिवसांत फुगते. जूनमध्ये घासून नेमकी केलेली ग्रिप नोव्हेंबरमध्ये सैल वाटते, म्हणून घासकाम हिवाळ्यातच करा. नळी स्वच्छ करायला फेल्टचे गोळे वापरा. नळीतून पितळी ब्रश ओढू नका.

पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात, किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी.

सामन्यात ६० शॉट्स ७५ मिनिटांत मारायचे असतात, त्याआधी तयारी आणि सरावाच्या शॉट्ससाठी १५ मिनिटं मिळतात. क्लबमध्ये हाच वेळ लावून महिन्यातून एकदा पूर्ण ६० मारा. बाकीच्या दिवशी ३० शॉट आणि २० मिनिटं कोरी भिंत पुरते. २५ मीटरवरचं ०.२२ पिस्तूल मागायची वेळ त्यानंतर येते. ती गोळी जवळजवळ दीड किलोमीटर जाऊ शकते, त्यामुळे टप्पा २ विचार न करता हातून होत असेल तरच कोच तुम्हाला तिकडे पाठवेल.